ऑपरेशन होणार नाही म्हणजे काहीच होणार नाही, असं नव्हे

आपल्या वस्तीत कुणाला कावीळ झाली की पहिला प्रश्न येतो, "औषध कुठलं घेतलं?" रक्त तपासलं का, सोनोग्राफी केली का, हे प्रश्न फार उशिरा येतात. तोवर कुणी मुळ्यांची माळ आणून गळ्यात घालतं, कुणी नाकात रस सोडणाऱ्याचा पत्ता देतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं. पाणी पिवळं झालं की सगळे म्हणतात, बघा, उतरली.

उल्हासनगर कॅम्प १ मधल्या आमच्या गल्लीत एक काका होते. साठीला टेकलेले, आयुष्यभर कंत्राटी कामगार. आज ते नाहीत. काकू म्हणाल्या, "ताई, आमचं नाव लिहू नकोस, पण जे झालं ते लिही. दुसऱ्याच्या घरी तरी उपयोग होईल." म्हणून लिहिते आहे.

काकांचे डोळे पिवळे झाले. पोटात दुखत नव्हतं, तापही नव्हता. घरच्यांना वाटलं साधी कावीळ. बावीस दिवस माळ आणि झाडपाला झाला. मग एका खासगी दवाखान्यात आठ दिवस सलाईन. पैसे गेले आणि कावीळ वाढत गेली. पण सगळ्यांत वाईट होती ती खाज. तळहात, तळपाय, पाठ, रात्रभर खाज. काका कंगव्याने पाठ खाजवायचे, सकाळी चादरीवर रक्ताचे डाग. त्यातच गल्लीत कुजबुज सुरू झाली की म्हातारा लपून पीत असेल. ज्या माणसाने तीस वर्षांत पंचशील मोडलं नाही, त्याच्याबद्दल हे बोललं गेलं.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा मी दोनच गोष्टी विचारल्या. लघवीचा रंग कसा? म्हणाल्या, कोऱ्या चहासारखा. शी कशी होते? म्हणाल्या, खडूसारखी पांढरट. मी त्याच दिवशी सोनोग्राफी करायला लावली, पुढे सीटी स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती, मोठ्या रक्तवाहिनीला वेढा पडलेला होता आणि यकृतावर ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन होणार नाही. घरी न्या."

घरच्यांनी याचा अर्थ घेतला, संपलं. गावी न्यायची तयारी सुरू झाली, पिशव्या भरल्या गेल्या. मी कागद मागून घेतले. शेवटच्या पानावर खाली एक ओळ इंग्रजीत लिहिलेली होती. पित्तनलिकेत स्टेंट टाकण्याचा सल्ला त्यात होता. ती ओळ त्या घरात कुणालाही कुणी वाचून दाखवली नव्हती.

त्या एका ओळीसाठी हा लेख आहे.

नाला तुंबला की गल्लीत पाणी शिरतं

आपलं यकृत रोज अर्धा लिटरहून जास्त पित्तरस तयार करतं. तो एका बारीक नळीतून आतड्यात उतरतो. या नळीला पित्तनलिका म्हणतात. पित्तातल्या रंगामुळेच आपल्या शीला पिवळा-तपकिरी रंग येतो. ही नळी जाता जाता स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे गाठ झाली, किंवा पित्ताशयाचा अथवा नळीचाच कॅन्सर झाला, की नळी दाबली जाते आणि रस पुढे जात नाही.

पावसात वालधुनीच्या काठच्या वस्त्यांचं काय होतं ते आपण जाणतो. पाण्याला वाट मिळाली नाही की ते मागे फिरतं आणि घरात शिरतं. तसंच पित्त मागे फिरून रक्तात शिरतं. डोळे पिवळे होतात, लघवी लाल-काळी होते, शी पांढरी पडते, अंगभर खाज सुटते. भूक मरते. व्हिटॅमिन के शरीरात शोषलं जात नाही, त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागतो. तुंबलेल्या पित्तात जंतू शिरले तर थंडी वाजून ताप येतो आणि माणूस एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

मग झाडपाल्याने इतक्या जणांची कावीळ बरी कशी होते? कारण आपल्या वस्तीतली बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूंची असते. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. माळ घातली तरी होते, नाही घातली तरी होते. श्रेय मात्र माळेला जातं. आणि हातावरचं चुन्याचं पाणी पिवळं होतं ते त्या पाण्यात किंवा हाताला आधी लावलेल्या पदार्थामुळे. यकृतातली कावीळ हातावाटे उतरत नाही. बंद झालेली नळी तर कुठल्याच मुळीने उघडत नाही. उलट काही झाडपाला यकृतालाच इजा करतो.

मला आपल्याच घरांना एक विचारायचं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपण देव सोडले, अंगात येणं सोडलं, नवस सोडले. मग कावीळ झाली की उतरवणाऱ्याच्या दारात रांग का लावतो? तथागतांनी कालामांना सांगितलं होतं की, परंपरेने चालत आलं म्हणून मानू नका, कुणी मोठा माणूस म्हणाला म्हणूनही मानू नका, पारखून घ्या. पारखून घेण्याचं आजचं साधन सोनोग्राफी आहे. विहारात परित्राणपाठ जरूर करा, आजाऱ्याच्या मनाला त्याने आधार मिळतो. पण त्याच दिवशी तपासणीही करा.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पोट न दुखता कावीळ झाली, सोबत खाज, पांढरी शी, वजन उतरणं किंवा नव्यानेच लागलेली साखर यातलं काहीही असलं, तर एक आठवडासुद्धा थांबू नका. कॅम्प ३ च्या मध्यवर्ती रुग्णालयात जाऊन केसपेपर काढा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले आहेत. लघवी आणि शीचा रंग न लाजता डॉक्टरांना सांगा.

आणि कावीळ म्हणजे दारू, हे बोलणं बंद करा. बाई आजारी असेल तर हे बोलणं तिला आतून मारून टाकतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरला तंबाखू कारण ठरू शकते, विडी-सिगारेट आणि तोंडात धरायची दोन्ही. पण आजारी माणूस समोर असताना कारणांची यादी वाचायची नसते. तथागतांनी चुंद लोहाराच्या घरी जेवण घेतलं, त्यानंतर त्यांचं दुखणं वाढलं. तेव्हा त्यांनी आनंदाला बजावलं होतं की चुंदाला कुणी दोष देऊ नये. स्वतः मरणाच्या दारात असताना दुसऱ्याच्या मनाची काळजी घेणारा आपला शास्ता आहे. आपण मात्र आजाऱ्यालाच दोषी ठरवतो.

स्टेंट म्हणजे काय

स्टेंट म्हटलं की सगळ्यांना हृदय आठवतं. हा त्याचाच दूरचा भाऊ आहे. बंद पडलेल्या पित्तनलिकेत एक छोटी नळी बसवतात, म्हणजे गाठ तिथेच राहते पण पित्ताला वाट मिळते. १९७९-८० च्या सुमारास जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात निब सोहेंद्रा या मूळच्या इंडोनेशियाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून असा स्टेंट बसवण्याची पद्धत सुरू केली. त्याआधी पोट फाडून पित्ताला दुसरी वाट करून देणं किंवा यकृतात बाहेरून नळी घालणं, एवढंच हाती होतं.

या पद्धतीला ई.आर.सी.पी. म्हणतात. गुंगीचं औषध देऊन तोंडातून दुर्बीण घालतात. ती जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला जाते. तिथे पित्तनलिकेचं तोंड असतं. त्यातून तार घालून अडथळा पार करतात आणि तारेवरून स्टेंट सरकवतात. पोटावर एकही टाका पडत नाही. अडथळा फार वर, म्हणजे यकृतातून नळ्या बाहेर येतात तिथेच असेल किंवा दुर्बीण पोचत नसेल, तर बरगडीखालून यकृतात सुई घालून नळी बसवतात. त्याला पी.टी.बी.डी. म्हणतात. पुष्कळदा तिची पिशवी बाहेर लटकते आणि तिची काळजी घ्यावी लागते.

स्टेंट दोन प्रकारचे असतात. प्लास्टिकचा स्वस्त, पण बारीक, सुमारे तीन मिलीमीटर रुंदीचा. तो साधारण तीन महिन्यांत तुंबतो आणि बदलावा लागतो. दुसरा धातूच्या जाळीचा. तो आत गेल्यावर उमलतो आणि आठ-दहा मिलीमीटर रुंद होतो, म्हणून जास्त दिवस चालतो, पण किंमत कित्येक पट. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्मे प्लास्टिकचे स्टेंट १२६ दिवसांच्या आत तुंबले, धातूच्या स्टेंटना तेवढं तुंबायला २७३ दिवस लागले. माणसाचं आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखंच राहिलं.

हे शेवटचं वाक्य नीट समजून घ्या. स्टेंट कॅन्सर बरा करत नाही. तो खाज घालवतो, भूक परत आणतो, झोप देतो. कावीळ उतरली तर काही रुग्णांना केमोथेरपी घेता येते, जी चढलेल्या काविळीत देता येत नाही. जो कुणी सांगेल की स्टेंट टाकला की कॅन्सर जाईल, तो खोटं बोलतो. आणि जो सांगेल की कॅन्सर जाणार नाही तर स्टेंटचा काय उपयोग, त्याने एका रात्रीसाठी त्या खाजेच्या माणसाजवळ बसावं.

"जाणारच होता, तर खर्च कशाला?"

काकांना मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. बिलिरुबिन अठरावर होतं, चांगल्या माणसाचं साधारण एकच्या आत असतं. स्टेंट बसला. तिसऱ्या रात्री काकू उठून बघायला गेल्या की काका गप्प का, जिवंत आहेत ना. काका गाढ झोपले होते. दीड महिन्यानंतर पहिल्यांदाच.

त्यानंतर काका पाच महिने जगले. या पाच महिन्यांत त्यांनी खोलीची कागदपत्रं काकूंच्या नावावर करायला दिली, बँकेत वारस लावला, फंडाचे अडकलेले पैसे मिळवायला अर्ज केला. धाकट्या मुलाशी चार वर्षं बोलणं बंद होतं, ते सुरू झालं. बुद्धपौर्णिमेला विहारात येऊन बसले आणि खीर मागून खाल्ली. शेवटी गेले ते घरीच, सगळी माणसं जवळ असताना.

तरीही मातीहून परतताना एक जण म्हणालाच, "जाणारच होता, तर एवढा खर्च कशाला केला?" मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते. श्रीमंताच्या घरी हा प्रश्न कुणी विचारत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. त्यांचं राजकारण आपलं नाही, पण आजाराला पक्ष नसतो. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली अशा ठिकाणी त्यांच्यावर उपचार झाले. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्च २०१९ ला ते गेले. त्या शेवटच्या महिन्यांना कुणी वाया गेलेले म्हटलं नाही. मग आमच्या कंत्राटी कामगाराचे पाच महिने वाया कसे? त्याच्या बायकोच्या नावावर झालेली खोली वाया कशी?

पण याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. बदलापूरच्या बाजूची एक आजी. पित्ताशयाचा कॅन्सर, एकदा स्टेंट झाला, काही महिने बरे गेले. पुन्हा तुंबला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. ती हात जोडून सांगत होती, मला आता कुठे नेऊ नका. मुलाने लोकांच्या टोमण्यांच्या भीतीने व्याजाने पैसे काढून नेलं. ती सहाव्या दिवशी गेली, घरापासून लांब. कर्ज अजून फिटतं आहे. तिथे आम्ही कार्यकर्त्यांनी मुलाला धीर द्यायला हवा होता की नाही म्हणणं हाही आईचा हक्क आहे. आम्ही दिला नाही. ती चूक माझीही आहे.

म्हणून माझं मत असं. माणूस हिंडता-फिरता आहे, थोडंफार खातो आहे, खाजेने किंवा तापाने हैराण आहे, तर स्टेंटसाठी झटलंच पाहिजे. शेवटचे काही दिवस उरले आहेत आणि त्याला स्वतःला नको आहे, तर खाजेचं, दुखण्याचं, ओकारीचं औषध देऊन घरी आरामात ठेवणं हाच उपचार आहे. दुखणं कमी करण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, त्याला घाबरू नका. परळच्या टाटा रुग्णालयात केवळ वेदना आणि त्रास कमी करण्याचं काम करणारा वेगळा विभाग आहे. यातलं काय निवडायचं हे आजाऱ्याला विचारूनच ठरवा. आणि विचारायचं तर त्याला आजार माहीत हवा. "त्याला सांगू नका, धसका घेईल," असं सगळे म्हणतात. काकांना आम्ही हळूहळू सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. तुम्हीच लपवत होतात." त्यानंतरच ते कागदपत्रांच्या मागे लागले.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

डॉक्टर घाईत असतात. आपल्या कपड्यांकडे, आडनावाकडे बघून दोन वाक्यांत कटवणारेही भेटतात. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या आणि बोलता येणारं एक माणूस सोबत न्या.

पहिला प्रश्न, ऑपरेशन खरंच होणार नाही का, आणि हे कोणत्या तपासणीवरून ठरलं? याला कारण आहे. गाठ काढता येण्यासारखी असेल आणि ऑपरेशन लवकर होणार असेल, तर आधी सरसकट स्टेंट टाकल्याने त्रास वाढतो, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँडमधल्या अभ्यासात दिसलं. म्हणून स्टेंटच्या आधी चांगला सीटी स्कॅन किंवा एम.आर.सी.पी. झालेलं बरं. फक्त ताप आणि थंडी असेल तर थांबायला वेळ नसतो.

दुसरा, अडथळा खाली आहे की वर? दुर्बिणीतून होईल की बाहेरून सुईने?

तिसरा, प्लास्टिक की धातू, आणि का? तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त आयुष्याची शक्यता असेल, तर धातूचा महाग स्टेंट एकदाच बसवणं हे दर तीन महिन्यांनी परळच्या खेपा आणि पुन्हा पुन्हा ई.आर.सी.पी. करण्यापेक्षा शेवटी परवडतं. पण गाठीचा तुकडा तपासून कॅन्सर नक्की झाला का, हेही विचारा. निदान नक्की नसताना जाळीचा स्टेंट बसवला तर तो काही वेळा पुढे काढता येत नाही.

चौथा, धोके कोणते? स्वादुपिंडाला सूज येणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके थोड्या लोकांना होतात, पण होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

पाचवा, पुढची तारीख कोणती?

ही तारीख फार महत्त्वाची. आपल्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेलं कॅलेंडर असतंच. त्यावर स्टेंट कधी बसवला, कुठला बसवला आणि कधी बदलायचा, हे लाल पेनने लिहा. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्याच खिळ्याला अडकवा. प्लास्टिकचा स्टेंट आत आहे हे विसरून सहा महिने काढलेली माणसं मी तापाने फणफणलेली पाहिली आहेत. थंडी वाजून ताप आला, डोळे परत पिवळे झाले, लघवी परत लाल झाली, पोटात जोरात दुखलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. "उद्या बघू" म्हणू नका. तापाची गोळी देऊन घरी ठेवू नका.

खाण्याचं म्हणाल तर आजाऱ्याला उपाशी मारू नका. हळद बंद, तेल बंद, मटण बंद, नुसता उसाचा रस, हे नियम स्टेंटवाल्या माणसाला लागू नाहीत. तो आधीच वाळलेला असतो. अंडी, वरण, मासे, जे आवडेल ते थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. शी तेलकट आणि दुर्गंधी होत असेल, खाल्लेलं अंगाला लागत नसेल, तर जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक रसाच्या कॅप्सूल असतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

पैशाचं काय

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. "कावीळ आहे" एवढंच म्हणू नका. "कॅन्सरमुळे पित्तनलिका बंद आहे, ई.आर.सी.पी. करून स्टेंट टाकायला सांगितलं आहे, योजनेत कसं बसवता?" असं विचारा आणि मंजुरी लेखी मागा. योजनेचा फुकट फोन क्रमांक १५५३८८ आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आजार आल्यावर काढायला धावू नका, आत्ताच काढून ठेवा.

शहाडहून परळ म्हणजे गर्दीचा प्रवास. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णालाही जाता येतं, कागद जवळ ठेवा. बाहेरगावच्या नातेवाइकाला आणलं असेल तर दादरला संत गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची राहण्याची सोय होते.

पण सगळं आपणच आपापल्या दमावर करायचं का? काही मागण्या सरकारकडेही आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. लाखाच्या वर जाणारे औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आले. लोकांनी आवाज उठवला, कोर्टात गेले, म्हणून ते झालं. पित्तनलिकेच्या धातूच्या स्टेंटला अशी कमाल किंमत का नाही? या आजाराच्या माणसाकडे आंदोलन करायला वेळ उरत नाही म्हणून? मग ते आपण केलं पाहिजे. दुसरी मागणी, चाळिशीपुढच्या काविळीच्या रुग्णाची सोनोग्राफी सरकारी रुग्णालयात त्याच आठवड्यात झाली पाहिजे. तिसरी, ई.आर.सी.पी.ची नियमित सोय उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला जवळच्या सरकारी रुग्णालयात मिळाली पाहिजे. आणि चौथी, ज्याला एक रुपया लागत नाही: कागदावर लिहिलेला सल्ला रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवला पाहिजे. काकांच्या कागदावरची ती ओळ मराठीत असती तर गावी जायच्या पिशव्या भरल्याच गेल्या नसत्या.

विहाराचं काम

एका विहारात आजारी पडलेला भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग बाकीच्या भिक्खूंना जाब विचारला. ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. ऐकून घरी जातो.

माझी विनंती एवढीच आहे की प्रत्येक विहारात एक वही ठेवा. त्यात दवाखान्याचे कागद वाचू शकणाऱ्या दोन मुला-मुलींची नावं, रुग्णासोबत परळला जाऊ शकणाऱ्या चार जणांची नावं आणि महिन्याला जमेल तेवढा निधी लिहा. आपल्या वस्तीत नर्सिंगला, फार्मसीला, लॅबच्या कोर्सला गेलेल्या मुली आता घराघरात आहेत. त्यांना १४ एप्रिलला सत्काराला बोलावता, तसं आजाऱ्याच्या घरीही बोलवा.

माझा नंबर विहाराच्या फळ्यावर आहे. कुणाच्याही घरी पिवळे डोळे, कोऱ्या चहासारखी लघवी आणि पांढरी शी दिसली, तर माळ गळ्यात घालण्याआधी कागद घेऊन या. इंग्रजीत काय लिहिलं आहे ते आपण बसून वाचू.

नमो बुद्धाय, जयभीम!